वाचकांचे प्रश्न : हात उगारण्याच्या आधीचे शिक्षण

मागच्या अंकात शाळांमधल्या आत्मसंरक्षण शिबिरांविषयी या सदरात थोडे लिहिले होते. त्यावर यवतमाळ, अमरावती आणि वर्धा या जिल्ह्यांच्या खेड्यापाड्यांतून बरीच पत्रे आली. गेली सत्तावीस वर्षे मी याच पट्ट्यातील शाळांमधून ज्यूदो आणि लाठी शिकवते आहे. त्यामुळे पत्रांतले रस्ते, फाटे आणि वावरे माझ्या पायाखालची आहेत. त्यांपैकी सहा पत्रांना इथे उत्तर देते. पत्रे थोडी आटोपती केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे अर्थातच छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझी मुलगी नववीत आहे. गावात सातवीपर्यंतच शाळा असल्यामुळे ती सहा किलोमीटरवरच्या गावी एस.टी.ने जाते. फाट्यावर उतरल्यावर दीड किलोमीटर पांदण रस्त्याने चालत यावे लागते आणि दिवाळीनंतर त्या वेळेला अंधारून येते. दोन मुले मोटारसायकलवरून मागेपुढे करतात, असे तिने मला सांगितले आणि बाबांना सांगू नको, असेही म्हणाली. शाळेत पाच दिवसांचे कराटे शिबिर झाले, त्याचे प्रमाणपत्र तिला मिळाले आहे. एवढ्यावर ती स्वतःला सांभाळू शकेल का? की शाळाच बदलावी? (एक आई, तालुका दारव्हा)

उत्तर : ताई, पाच दिवसांच्या शिबिरावर विसंबून राहू नका, हे आधीच सांगते. पण मुलीने घरी येऊन तुम्हाला सांगितले, ही गोष्ट त्या प्रमाणपत्रापेक्षा कितीतरी मोठी आहे आणि आता तुमचे सगळे लक्ष ती टिकवण्याकडे असू द्या.

मी दहावीत असताना आठवडी बाजारातून परत येत होते, तेव्हा एका माणसाने मागून माझ्या सायकलचे कॅरिअर धरले. मी सायकल तिथेच टाकून पळाले आणि घरी येऊन सगळे सांगितले. मला कोणी रागावले नाही, आईने तर पोटाशी धरले. पण दुसऱ्या दिवसापासून सायकल ओसरीत उभी राहिली आणि ते वर्ष मी घरी बसून परीक्षा दिली. घरच्यांनी ते मायेपोटीच केले, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. मात्र पुढे कॉलेजात जाऊ लागल्यावर कोणी अंगचटीला आले, कोणी वाट अडवली, तरी मी घरी चकार शब्द काढला नाही. सांगितले की आपलेच पाय बांधले जातात, एवढे मी त्या ओसरीतल्या सायकलकडे पाहून शिकले होते. तुमची मुलगी ‘बाबांना सांगू नको’ म्हणते, त्यामागे हीच भीती असणार. म्हणून वडिलांशी बोलताना पहिले वाक्य ‘शाळा बंद करायची नाही’ हे असावे, त्यावर दोघांचे एकमत व्हावे आणि मगच मोटारसायकलचा विषय काढावा. ते एकमत मुलीच्या समोर, तिच्या कानांवर पडेल असे बोलून दाखवावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

आता शिबिराविषयी. भीतीच्या क्षणी शरीर तीनपैकी एक काहीतरी करते : पळते, झगडते किंवा थिजते. थिजणे हा भ्याडपणा नव्हे, ती शरीराची आपोआप होणारी प्रतिक्रिया आहे, आणि ज्यांच्यावर प्रसंग ओढवला अशा अनेक जणी ‘मला ओरडताही आले नाही’ म्हणून वर्षानुवर्षे स्वतःला दोष देत राहतात, तो दोष त्यांचा नसतो. सरावाचा उपयोग हाच की थिजलेल्या शरीराला एखादी ओळखीची हालचाल लवकर सापडते. पाच दिवसांत वीस डाव शिकवले असतील तर ऐन वेळी त्यांतला एकही आठवणार नाही. दोनच डाव आठवड्यातून दोनदा वर्षभर केले तर ते हाताला आठवतील. मनगट सोडवणे हा त्यांतला एक. पकडणाऱ्याची चार बोटे एका बाजूला आणि अंगठा दुसऱ्या बाजूला असतो, आणि अंगठ्याचे टोक जिथे बोटांना भेटते तिथे पकड सर्वांत कच्ची असते. मनगटाची अरुंद कड त्या फटीकडे वळवून, कोपर त्याच्या दिशेने पुढे रेटत हात झटक्याने स्वतःच्या खांद्याकडे ओढायचा. सरळ मागे ओढले तर ताकदीला ताकद भिडते आणि बहुधा मुलगी हरते. तुम्ही स्वतः तिचे मनगट धरा, रोज दहा वेळा, आणि दर वेळी थोडे अधिक घट्ट धरा.

दुसरा डाव आवाजाचा आहे आणि माझ्या मते तोच पहिला शिकवायला हवा. एका जिल्हा परिषद शाळेत मी चाळीस मुलींना रांगेत उभे करून मोठ्याने ‘नाही’ म्हणायला सांगितले होते. चाळीस जणींचा मिळून आवाज निघाला तो प्रार्थनेच्या वेळी पुटपुटल्यासारखा, अर्ध्याअधिक जणींनी तोंडावर हात धरलेले. मग मी विचारले की वावरात तुरीत गुरे शिरली तर कशी हाकलता? मागच्या रांगेतली एक सडपातळ मुलगी, जी आठवडाभर माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती, तिने पोटातून अशी आरोळी ठोकली की मैदानापलीकडच्या चहाच्या टपरीवरची माणसे उठून उभी राहिली. त्या मुलींजवळ आवाज होताच. तो गुरांवर आणि पाखरांवर चालवायची मुभा होती, माणसांवर चालवायची नव्हती. तुमच्या मुलीलाही तोच आवाज वापरू द्या. रस्त्यावर कोणी गाडी आडवी घातली तर दोन्ही तळहात छातीसमोर उघडे धरून, एक पाय मागे घेऊन, त्याच्या डोळ्यांत पाहून ‘मागे हो’ असे त्या आवाजात म्हणायचे आणि मग वस्तीच्या दिशेने धावायचे. दप्तर पडले तर पडू द्यावे. पळून येणे हा आत्मसंरक्षणातला सर्वांत यशस्वी डाव आहे, हे तिला स्पष्ट सांगा, नाहीतर शिबिरात शिकलेले दाखवायला ती थांबायची.

याशिवाय रस्त्याचे पाहावे लागेल, कारण सगळा भार चौदा वर्षांच्या मुलीच्या मनगटावर टाकणे न्यायाचे नाही. त्याच बसने येणाऱ्या मुलींनी एकत्र चालावे, त्यांना फाट्यावर आणायला पाळीपाळीने एका घरचे मोठे माणूस जावे. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आपल्या राज्यात आहे. तिथे पांदणीच्या कडेची वेडी बाभूळ तोडणे आणि फाट्यावर दिवा लावणे हे दोन विषय लेखी मांडा. बसची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे आणता येत असेल तर पालकांनी मिळून आगार व्यवस्थापकांना भेटा. आणि ती दोन मुले कोण आहेत ते कळले असेल तर लक्षात घ्या की अठरा वर्षांखालील मुलीचा लैंगिक हेतूने वारंवार असा पाठलाग करणे हा बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली, म्हणजे २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली, लैंगिक छळ ठरतो आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रार केल्यास मुलीचे नाव किंवा ओळख पटेल असे काही छापण्यास कायद्याने मनाई आहे. चाइल्ड लाइनचा क्रमांक १०९८ आणि तातडीच्या मदतीचा ११२, हे दोन्ही तिच्या तोंडपाठ असावेत, कारण फोन नेहमी जवळ असतोच असे नाही.

प्रश्न : मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि गावच्या आखाड्यात लाठीकाठी शिकतो. आमच्या गावात एक वयोवृद्ध सर्वोदयी कार्यकर्ते आहेत. सेवाग्राम आणि पवनार ज्या जिल्ह्यात आहेत तिथल्या मुलाने मारण्याची विद्या शिकू नये, असे ते म्हणतात. मला त्यांचा आदर आहे. पण एका मुलाने माझ्या धाकट्या बहिणीला त्रास दिला, तेव्हापासून त्याला एकदा चांगला धडा शिकवावा असे मला वाटते. मी शिकतो आहे ते चुकीचे आहे का? (एक विद्यार्थी, तालुका आर्वी)

उत्तर : तुम्ही एका पत्रात दोन प्रश्न विचारले आहेत आणि त्यांची उत्तरे एकमेकांच्या उलट आहेत. शिकणे चुकीचे नाही. धडा शिकवणे चुकीचे आहे.

आजोबांना माझा नमस्कार सांगा आणि गांधीजींनी ११ ऑगस्ट १९२० च्या ‘यंग इंडिया’त जे लिहिले आहे, त्याविषयी त्यांच्याशी जरूर बोला. भ्याडपणा आणि हिंसा यांतून एकच निवडायची वेळ आली तर आपण हिंसेचा सल्ला देऊ, असे त्यांनी तिथे म्हटले आहे. त्याच लेखात अहिंसा हिंसेहून अनंत पटींनी श्रेष्ठ आहे आणि शिक्षा करण्याची शक्ती ज्याच्याजवळ आहे त्याच्याच क्षमेला अर्थ आहे, असेही त्यांनी मांडले आहे. माझ्या समजुतीप्रमाणे त्यात तुमच्या आखाड्याला जागा आहे, फक्त आखाड्यातून बाहेर पडताना काय घेऊन पडायचे याची अट कडक आहे.

ही अट लढाऊ विद्यांच्या थोर गुरूंनीही घातलेली आहे. ज्यूदोचे जनक जिगोरो कानो हे अंगाने लहानखुरे होते आणि शाळेत दांडगी मुले त्यांना छळत, म्हणून ते जुजुत्सू ही जुनी जपानी झटापटीची विद्या शिकले. १८८२ साली टोकियोतील एका मंदिरात बारा चटयांवर त्यांनी स्वतःची शाळा काढली, तेव्हा ज्या डावांनी सराव करणाऱ्यालाच इजा होईल ते त्यांनी मोकळ्या सरावातून दूर ठेवले आणि नंतरच्या काळात शक्तीचा उत्तम विनियोग व परस्परांचे कल्याण ही दोन सूत्रे विद्यार्थ्यांपुढे ठेवली. ज्याला तुम्ही फेकता त्याचे कल्याण तुमच्या हातात आहे, हे ज्यूदोच्या चटईवर पहिल्या दिवशी कळते, कारण पुढच्या क्षणाला तुम्ही त्याच्या हातात असता. ओकिनावाचे गिचिन फुनाकोशी यांनी कराटे जपानच्या मुख्य भूमीवर नेले, त्यांचे वचन तर एका ओळीचे आहे : कराटेत पहिला वार नसतो. आपल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून आखाड्याची परंपरा जपली आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. ज्या मातीत तुम्ही उभे आहात तिला एवढा मोठा इतिहास आहे, तेव्हा लाठी फिरवताना मान वर ठेवा.

त्या मुलाविषयी. प्रसंग चालू असताना बहिणीच्या मदतीला जाणे हे संरक्षण आहे आणि कायदाही दुसऱ्याच्या शरीराच्या रक्षणाचा हक्क तुम्हाला देतो. प्रसंग संपल्यावर चार दिवसांनी पारावर गाठून मारणे हा सूड आहे. त्यात गुन्हा तुमच्यावर नोंदला जाईल आणि गावभर चर्चा तुमच्या बहिणीची होईल. तिला काय हवे आहे, हे तुम्ही तिला विचारले आहे का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. भावाच्या रागात बहिणीचा आवाज बुडालेला मी फार वेळा पाहिला आहे. आज संध्याकाळी तिला विचारा, ती सांगेल ते मध्ये न बोलता ऐका आणि तक्रार द्यायची असे ती म्हणाली तर तिच्याबरोबर ठाण्यात जा. त्या वेळी लाठी घरी ठेवा.

प्रश्न : मी उच्च प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. समग्र शिक्षा या सरकारी शालेय शिक्षण योजनेअंतर्गत ‘राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण’ तीन महिने घ्यायचे असते. गेल्या वेळी आलेल्या प्रशिक्षकांनी मुलींकडून कौले फोडून घेतली आणि प्रजासत्ताक दिनी त्याचे प्रात्यक्षिक झाले. गावाने टाळ्या वाजवल्या, पण मुलींना नेमके काय मिळाले, हे मला कळले नाही. प्रशिक्षक निवडताना काय पाहावे? (एक शिक्षक, जिल्हा यवतमाळ)

उत्तर : सर, तुम्हाला पडलेली शंका रास्त आहे. कौल उलटून हात धरत नाही आणि कौलाशी तुमची ओळखही नसते.

ओळख हा शब्द मुद्दाम वापरला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे हेच सांगत आले आहेत की बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो : नातलग, शेजारी, कुटुंबाचा स्नेही, मित्र. आणि शिबिरांमध्ये मात्र अंधारातून झडप घालणारा अनोळखी गुंडच शिकवला जातो. ज्याला आपण ‘काका’ म्हणतो, ज्याच्या घरी वाटीभर साखर आणायला जातो, त्याला ‘हात काढा’ म्हणणे हे कौल फोडण्याहून शंभर पट अवघड आहे, कारण तिथे मनगट अडकलेले नसून मर्यादा अडकलेली असते. जो प्रशिक्षक या विषयावर एक तासही बोलत नाही, त्याला माझ्या मते बोलावू नये.

कॅनडातील तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या सुमारे नऊशे विद्यार्थिनींवर झालेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या मुलींना एकूण बारा तासांचे प्रशिक्षण दिले गेले. ओळखीच्या माणसाच्या वागण्यातला धोका वेळेत ओळखणे, ‘त्याला वाईट वाटेल’ हा मनातला अडसर बाजूला करणे, बोलून आणि शरीराने प्रतिकार करणे आणि स्वतःला काय हवे-नको ते समजून घेणे, असे त्याचे भाग होते. वर्षभरानंतर प्रशिक्षण घेतलेल्या गटात बलात्काराचे प्रमाण ५.२ टक्के आणि केवळ माहितीपत्रके मिळालेल्या गटात ९.८ टक्के आढळले. आपल्या सातवीच्या मुलींना तो अभ्यासक्रम जसाच्या तसा लागू पडणार नाही, त्यांचे वय आणि परिस्थिती वेगळी आहे. परंतु बारा तासांत सर्वाधिक काम कशाने झाले असेल याचा अंदाज त्यातून नक्की येतो.

प्रशिक्षकाला भेटा तेव्हा त्याच्या पट्ट्याचा रंग शेवटी विचारा. आधी त्याला एक डाव दाखवायला सांगा आणि मुलीचा हात धरण्यापूर्वी तो ‘धरू का?’ असे विचारतो की नाही, हे पाहा. जी मुलगी ‘नको’ म्हणाली तिला तो बाजूला बसून पाहू देतो, की ‘घाबरतेस काय’ म्हणून पुढे ओढतो? माझ्या वर्गात पहिल्या दिवशी प्रत्येक मुलीने मला एकदा तरी नकार द्यायचा, असा नियम आहे. मी म्हणते, ‘इकडे ये’, आणि तिने म्हणायचे, ‘नाही येत’. सुरुवातीला त्यांना हसू येते, मग बाईंना असे कसे म्हणायचे म्हणून घाम फुटतो. जी मुलगी शिकवणाऱ्या बाईंना नकार देऊ शकत नाही, ती मामाच्या मित्राला देईल, अशी आशा आपण कोणत्या आधारावर धरायची? शिबिरात एक तरी शिक्षिका पूर्ण वेळ उपस्थित असावी, प्रशिक्षक पुरुष असला तर नक्कीच. कपडे, केस, हसणे यांवरून मुलींना जबाबदार धरणारे एक वाक्य जरी कानावर आले तरी त्याला त्याच दिवशी थांबवण्याचा अधिकार मुख्याध्यापकांनी वापरावा.

आणि सर, मुलांना त्या तासाला क्रिकेट खेळायला सोडून देऊ नका. नकार ऐकल्यावर काय करायचे, हे त्यांना कोणीही शिकवत नाही. तो तास तुम्हीच घ्या, तुमच्या तोंडून ते अधिक लागेल.

प्रश्न : आम्ही दहा-बारा बाया ठेक्याने सोयाबीन सोंगायला जातो. एक ठेकेदार कामाच्या निमित्ताने अंगाला हात लावतो. हातात विळा असतो, कधी तरी उलटा फिरवावा असे मनात येते. पण मग केस माझ्यावरच होईल, अशी भीती वाटते. कायदा काय म्हणतो? (एक शेतमजूर, तालुका मोर्शी. पत्र मुलीने लिहून दिले आहे.)

उत्तर : तुमच्या लेकीचे अक्षर सुरेख आहे आणि तिने हे लिहून पाठवले याचा मला फार आनंद झाला.

१ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क दिलेला आहे. त्याचा गाभा असा की स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या शरीरावर हल्ला होत असेल तर तो थांबवण्यासाठी जेवढे बळ लागेल तेवढे वापरल्यास तो गुन्हा होत नाही. प्रत्यक्ष मार बसेपर्यंत थांबण्याची गरज नाही. धोक्याची रास्त भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो आणि ती भीती असेपर्यंत टिकतो. गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा हक्क मात्र नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला सवड असेल तेव्हा तो हक्क उरत नाही. जीव जाण्याची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती, बलात्काराचा हल्ला, पळवून नेण्यासाठीचा हल्ला, ॲसिड फेकणे अशा ठरावीक प्रसंगांत समोरच्याचा जीव गेला तरी कायदा संरक्षण देतो. तुमच्या ठेकेदाराचे वागणे गुन्हाच आहे, कलम ७४ खाली त्याला एक ते पाच वर्षे कैद होऊ शकते; पण त्यावर विळ्याचा वार केला तर तो गरजेपेक्षा जास्त ठरण्याची मोठी शक्यता आहे. त्याने एकटीला गाठून खाली पाडले, तर गोष्ट वेगळी. तेव्हा विळा हातात होता याचा कोणी तुम्हाला जाब विचारू नये, असेच कायदा सांगतो.

रोजच्या त्रासासाठी विळ्याहून चांगली गोष्ट तुमच्याजवळ आहे, ती म्हणजे त्या दहा-बारा बाया. पुढच्या वेळी त्याने हात लावला की जिला लावला तिने मोठ्याने सांगावे, ‘हात लावू नका’, आणि बाकी सगळ्यांनी काम थांबवून, ओळ सोडून, काही न बोलता उभे राहावे. मी एका वावराच्या धुऱ्यावर हे घडताना पाहिले आहे. विळे खाली, पदर खोचलेले, अकरा जणी उभ्या आणि तो माणूस फोन कानाला लावून बंडीकडे निघून गेला. तक्रारीसाठी कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते आणि शेतमजूर स्त्रियाही तिच्याकडे जाऊ शकतात. तक्रार घेण्यासाठी तालुक्याला एक अधिकारी नेमलेला असतो. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्या, लेक लिहून देईलच. पोलिसांत जायचे असेल तर कोणत्याही ठाण्यात माहिती नोंदवता येते, ‘आमची हद्द नाही’ हे कारण नव्या कायद्यात चालत नाही, आणि नोंदीची प्रत विनामूल्य मिळते. ती घेतल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरू नका.

प्रश्न : मिरचीपूड जवळ ठेवावी की बाजारात मिळणारा स्प्रे? (एक परिचारिका, तालुका उमरखेड)

उत्तर : स्प्रे. पूड वाऱ्याने आपल्याच डोळ्यांत येते आणि पुडी सोडायला दोन्ही हात लागतात. स्प्रेवरची मुदत तपासा, उघड्यावर एकदा मारून पाहा आणि तो पर्सच्या तळाशी न ठेवता रात्रपाळीला जाताना हातात धरा. तो मारल्यावर परिणाम पाहायला थांबू नका.

प्रश्न : तुम्ही रस्त्यावरच्या माणसांविषयी लिहिता. मारणारा घरातच असेल तर कोणता डाव असतो? मागच्या महिन्यात त्यांनी माझा गळा दाबला. माझी सात वर्षांची मुलगी मध्ये येऊन उभी राहते. (पत्रावर नाव-गाव नाही)

उत्तर : बाई, तुमचा पत्ता नसल्यामुळे हे छापूनच पोचवावे लागते आहे. ते तुमच्या हाती पडावे, अशी मनापासून इच्छा आहे.

असा डाव नाही. सोबत राहणाऱ्या, अंगाने बळकट माणसावर मनगट सोडवण्याच्या युक्तीने मात होत नाही आणि तसे सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. गळा दाबणे ही मात्र रोजच्या मारहाणीतली एक गोष्ट समजू नका. जिथे नवऱ्याने एकदा गळा दाबला तिथे पुढे जीव जाण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो, हे या विषयावर काम करणाऱ्यांना पक्के ठाऊक आहे. वरून वळ दिसत नसले तरी आवाज बसणे, गिळताना दुखणे, चक्कर येणे असे काही होत असेल तर सरकारी दवाखान्यात जा आणि ‘गळा दाबला’ हेच शब्द डॉक्टरांना लिहायला सांगा.

भांडण चढू लागले की स्वयंपाकघरात जाऊ नका, तिथे विळी, सुरी, रॉकेल असते. अंगणाकडच्या दाराजवळ राहा. मार सुरू झालाच तर हनुवटी छातीला टेकवून, दोन्ही हातांनी डोके आणि मान झाका. आधार कार्ड, रेशन कार्ड, मुलीचा जन्मदाखला, थोडे पैसे आणि एक जोडी कपडे विश्वासातल्या शेजारणीकडे आजच नेऊन ठेवा. १८१ या महिला हेल्पलाइनच्या क्रमांकावर फोन लावता येईल. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी तुमचा अर्ज न्यायालयापर्यंत नेतात, आणि त्याच घरात राहण्याचा हक्क व नवऱ्याने जवळ येऊ नये असा आदेश, दोन्ही मागता येतात. आशाताई किंवा अंगणवाडीताई तुमच्या घरी येतात तेव्हा संशय न येता बोलता येईल, त्यांना सांगा.

आणि मुलीला मध्ये उभे राहू देऊ नका. ती तुम्हाला वाचवते आहे असे तिला वाटते, पण सात वर्षांच्या पोरीवर तो भार नको. आवाज वाढला की कडी काढून शेजारच्या काकूंच्या ओट्यावर जायचे, हे तिला सांगा. नवरा घरी नसताना तिच्याबरोबर दोनदा ते अंतर चालून पाहा. कडी तिच्या हाताला पोचते का, तेही पाहा आणि पोचत नसेल तर खालची बसवून घ्या.